कटआउटच्या पाठीमागचं कूसू

माझं पोट एका राक्षसावर चालतं, असं मी पहिल्यांदा नागपूरला फोनवर सांगितलं तेव्हा मावशीला वाटलं मी नवऱ्याबद्दल बोलतेय. ती इतकी हळहळली की उलट मलाच तिची समजूत घालावी लागली. अगं बाई, खराखुरा राक्षस! चाळीस मजली! समुद्रातून उठणारा, शेपटीच्या एका फटक्यात उड्डाणपुलाची चकली करणारा. त्याचे परदेशात सिनेमे निघतात, सिनेमा निघाला की त्यावर चित्रकथेची पुस्तकं निघतात, आणि त्या पुस्तकांची बरीच पानं इथे कानडी मुलखात, येलहंक्यात, एका बेकरीच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर जन्माला येतात. खाली पाव फुगतात, वर मी फुगे भरते. म्हणजे चित्रातली माणसं जे बोलतात ते फुग्यात मांडायचं, आणि राक्षस डरकाळी फोडतो ती पानभर अशी काढायची की वाचणाऱ्याच्या चहात तरंग उठले पाहिजेत. मागे मी एक डरकाळी काढली तर खाली बेकरीतले तीन केक बसले. बेकरीवाला अजून म्हणतो भट्टी बिघडली होती. म्हणू दे.

ह्या धंद्यातली पहिली गंमत ही की ज्या सिनेमावरून पुस्तक करायचं, तो सिनेमा आम्हाला कुणी दाखवत नाही. पुस्तक आणि सिनेमा बरोबरीने बाजारात यायला हवेत, त्यामुळे आम्ही काढायला बसतो तेव्हा सिनेमा कुठेतरी अर्धाकच्चा आणि कडीकुलपात असतो. आम्हाला मिळते नुसती संहिता. तीही अशी की दर दोन ओळींनंतर एक ओळ काळ्या पट्टीखाली गाडलेली. ‘राक्षस खाडीतून वर येतो आणि’, मग काळी पट्टी, मग थेट ‘सगळं शहर रडू लागतं’. आता त्याने केलं काय? मला एकदा एखादा प्रश्न चावला की विंचवासारखा चढतो. आठवडाभर मी भाजीवालीसमोर मेथी हातात धरून त्याच विचारात. पट्टीखालचं दिसावं म्हणून मी तो कागद खिडकीवर धरला, दिव्यावर धरला, इस्त्री फिरवली. शेवटी अंदाजाने आम्ही त्याला खाडीकाठी नुसतं मान खाली घालून उभं केलं. सिनेमा आला तेव्हा पाहिलं, तर त्याने जहाज फेकलं होतं. वाचकांनी मात्र कळवलं की पुस्तकातलं जास्त रडवतं.

दुसरी गंमत नावाची. गुप्ततेच्या कागदावर आमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत, म्हणून बाहेर त्या राक्षसाचं नाव उच्चारायचं नाही. आम्ही त्याला साहेब म्हणतो. बसमध्ये उभ्या उभ्या आम्ही बोलतो, ‘साहेबांची शेपूट आज काही केल्या वळेना,’ तेव्हा आजूबाजूची माणसं आमच्या ऑफिसबद्दल काय समजत असतील कोण जाणे.

साहेबांची एक नियमावली आहे. दोन्ही हातांनी उचलावी लागते. साहेब पापणी लववत नाहीत. साहेब माणूस खाताना दिसत नाहीत. शाळा, दवाखाना, देऊळ ह्यांच्यावर साहेबांचा पाय पडत नाही. सगळं शहर उद्ध्वस्त करताना साहेब एवढं बघून चालतात. साहेबांच्या पाठीवरचे काटे किती, कोणता कोणत्याहून उंच, ओले असताना कसे, कोरडे असताना कसे, सगळं लिहिलेलं आहे. प्रत्येक पान समुद्रापलीकडे एका बाईंकडे तपासायला जातं. पेन्सिलीत जातं, रंगात जातं, आणि त्याआधी नुसत्या कल्पनेतही जातं. तीन चाळण्या. ह्या बाईंना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. ‘डाव्या पायाचं तिसरं बोट जाड आहे,’ असे त्यांचे निरोप येतात. मला त्यांच्याबद्दल भयंकर कुतूहल. ही बाई घरी काय करत असेल? नवरा अंघोळ करून आला की त्याची बोटं मोजत असेल का?

तिसरी गंमत खरी गुंतागुंतीची. आमच्याकडे परवाना फक्त साहेबांचा. सिनेमात साहेब ज्यांच्याशी लढतात ते उडणारे, पोहणारे, तीन मुंडक्यांचे, ते सगळे वेगळ्या परवान्याचे. घर भाड्याने मिळालं, पण गच्चीची किल्ली दुसऱ्याकडे, तसं. मग साहेबांना लढायला कुणीतरी हवं, म्हणून पुस्तकापुरता शत्रू आम्हीच घडवायचा. सहा नमुने पाठवायचे, त्यातला एक बाई निवडतात.

सहा का? तर इथे आमच्या धंद्यातला एक रिवाज आहे. तपासणाऱ्याला काहीतरी नाकारायला मिळालं पाहिजे. सगळंच चांगलं पाठवलं तर तो चांगल्यातलंच काहीतरी नाकारतो. म्हणून दर खेपेला एक नमुना मुद्दाम नाकारण्यासाठी पाठवायचा. त्याला आम्ही नैवेद्य म्हणतो. देवाला दाखवायचा, देव खात नाही, आपण परत आणायचा. बाईंनी नैवेद्य कधी घेतला नव्हता. कधीच नाही.

आता अण्णा.

आमच्या स्टुडिओत साहेबांना पेन्सिलीत उभं करतात ते अण्णा. वय सहासष्ट. त्यांच्या घराण्यातले कुणीतरी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कानडी अशी मुरलीय की कोणता शब्द कुणाचा हे अण्णांनाही सांगता येत नाही. मला ते तंगी म्हणतात. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. नागपुरात तंगी म्हणजे महिन्याचा शेवटचा आठवडा; पहिल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली तेव्हा मी म्हटलं, ह्यांना माझी परिस्थिती कुणी सांगितली?

अण्णा पूर्वी सिनेमागृहाबाहेरचे कटआउट रंगवायचे. हिरोचे पन्नास-साठ फुटी पुतळे, लाकडाच्या चौकटीवर, ज्यांच्या डोक्यावर चाहते शिडी लावून दूध ओततात ते. अण्णांनी हिरोच्या नाकपुडीत बसून डबा खाल्लेला आहे. हे मी वाढवून सांगत असेन तर फार तर कानात बसून खाल्ला असेल. पण एवढी मोठी गोष्ट खालून कशी दिसते, हे आमच्यात फक्त त्यांना ठाऊक. ‘डोकं मुद्दाम मोठं काढायचं,’ ते सांगतात, ‘नाहीतर रस्त्यावरून बघणाऱ्याला हिरो खालून हत्ती आणि वरून कोंबडी दिसतो.’ छापील फ्लेक्स आले, रंगवणारे संपले. मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, अण्णांना शोधून आणलं आणि साहेबांच्या पायाशी बसवलं.

मी एकदा दुपारी डब्याच्या वेळी त्यांना विचारलं, ‘अण्णा, कटआउटच्या मागच्या बाजूला काय असायचं हो?’

मला हे खरोखर जाणून घ्यायचं होतं. समोर हिरो, हातात गुलाब नाहीतर बंदूक. पण मागे?

अण्णा जरा लाजले. सहासष्ट वर्षांचा माणूस लाजतो तेव्हा बघावं. म्हणाले, ‘मागं माझं कूसू असायचं.’

कूसू म्हणजे तान्हं लेकरू. उरलेल्या रंगात, हिरोच्या पाठीवर, थिएटरच्या भिंतीकडे तोंड करून अण्णा एक जनावर काढायचे. घोरपडीचं अंग, फणसासारखी कातडी, बेडकासारखा फुगणारा गळा, आणि पावलं मात्र हत्तीची. रंग जो उरेल तो. हिरोचा शर्ट लाल असला की कूसू लाल, हिरोइनची साडी पोपटी असली की पोपटी. ते कुणाला दिसायचं नाही. सिनेमा उतरला की लाकूड मोडून दुसऱ्या कामाला जायचं आणि कूसू संपायचं. पुढच्या शुक्रवारी नवा हिरो, नवं कूसू. चाळीस वर्षं. किती काढली विचारलं तर म्हणाले, मोजली नाहीत. मी मोजते: दोन हजार.

‘एक काढा ना माझ्यासाठी,’ मी म्हटलं.

त्यांनी सांबाराचा हात पुसला आणि कागदावर काढलं. दहा मिनिटं लागली नसतील. मी त्या कागदाकडे बघतच राहिले. ते जनावर कुणाला मारायला निघालेलं नव्हतं. कुणीतरी आपल्याला हाक मारली की काय, असं वळून बघत होतं. मी त्याची प्रत करून माझ्या मशीनमध्ये ठेवली. नुसती बघायला.

आणि मग तो शुक्रवार आला.

सहा नमुने पाच वाजता जायचे होते. पाच तयार. सहावा, म्हणजे नैवेद्याचा, एक उडणारा झिंगा होता. मॅडमनी तो पावणेपाचला बघितला आणि किंचाळल्या, ‘अगं, हा तर दुसऱ्या परवान्यातल्यासारखा दिसतोय! काढ, काढ तो!’ काढला. उरले पाच. बाहेर विमानतळावरून लढाऊ विमानं सरावाला उठलेली, खिडक्या थरथरतायत, मॅडम कानात बोटं घालून ओरडतायत, ‘काहीही टाक! नैवेद्यच आहे!’

मी काहीही टाकलं. कूसू टाकलं.

खाली एक चौकट असते: ‘हे चित्र ह्या पुस्तकासाठीच नव्याने केलेलं आहे. होय / नाही.’ आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. मी होयवर खूण केली. अण्णा शेजारच्या टेबलावर साहेबांचा घोटा काढत होते, चार हातांवर. विचारायला चार शब्द लागले असते. पण नैवेद्यच तो, परत येणार, विचारायचं काय त्यात?

सोमवारी निरोप आला. ‘पहिले पाच नकोत. सहावा! सहावा!’ बाईंनी उद्गारचिन्ह वापरलं होतं. दोनदा. तीन वर्षांत आम्ही त्यांचं एकही उद्गारचिन्ह पाहिलं नव्हतं.

मॅडम नाचल्या. मी नाचले नाही. मी आमचा करार उघडून बसले. त्यात साध्या भाषेत सांगायचं तर असं होतं: जे तिन्ही चाळण्यांतून पास होईल ते त्यांचं. कायमचं. पृथ्वीवर आणि ‘समस्त विश्वात’. खरोखर असंच लिहिलेलं होतं. म्हणजे अण्णा उद्या मंगळावर राहायला गेले तरी तिथेही त्यांना कूसू काढता येणार नव्हतं. आणि जे मध्येच नापास होईल ते ज्याचं त्याने घरी न्यावं.

एक चाळणी ओलांडून झाली होती. दोन उरल्या होत्या.

अण्णांना मीच सांगितलं. काय काय वाढवून, फिरवून, हसवून सांगावं ह्याची मी जिना चढताना तयारी केली होती. समोर गेल्यावर सगळं सरळ बाहेर पडलं.

‘नैवेद्य म्हणून पाठवलंस?’

‘हो.’

‘आणि त्यांनी घेतलं?’

‘हो अण्णा.’

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. खोटं कशाला बोलू, चांगलाच उजळला. मग त्यांनी विचारलं, ‘मग मी काढायचं नाही?’

‘ते पास झालं तर नाही.’

‘घरीसुद्धा?’

‘कागदावर तसंच आहे.’

‘कशाच्या मागच्या बाजूला काढलं तर? कुणाला दिसणार नाही असं?’

‘तरीसुद्धा नाही, अण्णा.’

ते पेन्सिलीला टोक काढत बसले. इतकं टोक काढलं की पेन्सिल संपत आली. ‘तंगी,’ ते म्हणाले, ‘जन्मभर दुसऱ्यांची तोंडं रंगवली. हा हिरो, तो हिरो, आता हे साहेब. हे एक माझं होतं गं.’ ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडण्यात त्यांना हरवलं असतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा नाच थांबला. त्या वाईट नाहीत. पण हिशेबाच्या पक्क्या. म्हणाल्या, ‘मागे घेतो म्हणालो तर का ते सांगावं लागेल. तू होयवर खोटी खूण केलीस हे कबूल करावं लागेल. मग साहेब गेले. साहेब गेले की इथली अकरा माणसं गेली. एकच रस्ता आहे. ते नापास झालं पाहिजे. आपसूक.’

‘नापास?’ मी म्हटलं. ‘मॅडम, नापास होण्यात आपला हात कुणी धरणार नाही! तिसऱ्या बोटापायी आपण नऊ वेळा नापास झालोय!’

मला खरंच वाटलं, ह्यात काय आहे. आमच्या नियमावलीत नापास व्हायच्या हजार वाटा आहेत. शत्रू साहेबांहून उंच नको. शत्रूची दया येता कामा नये. शत्रूने लढाईच्या मध्यात बसता कामा नये. मी यादी करून अण्णांपुढे ठेवली. ‘हे सगळं करा. उंच करा, रडवा, बसवा. आणि अण्णा, जरा वाईट काढा.’

‘वाईट म्हणजे?’

‘म्हणजे मी काढते तसं.’

‘सरी, सरी,’ म्हणजे बरं बरं, अण्णा म्हणाले आणि बसले.

चार दिवस ते काढत होते. मी मधूनमधून डोकावून विचारायचे, ‘वाईट होतंय ना?’ ते म्हणायचे, ‘होतंय, होतंय, स्वल्प थांब.’ पानं पूर्ण झाली तेव्हा मॅडम आणि मी टेबलापाशी जाऊन बघू लागलो. कूसू साहेबांहून मुंडकंभर उंच होतं. सांगितल्याप्रमाणे. लढाई चालू असताना ते एका तळ्याच्या काठावर बसलं होतं, सांगितल्याप्रमाणे, आणि पाण्यात स्वतःचा गळा फुगवून बघत होतं. मागे साहेब ताटकळत उभे. आजवरच्या सगळ्या पुस्तकांत इतकं सुंदर पान कुणी काढलं नव्हतं.

‘अण्णा!’ मी कपाळ बडवलं. ‘हे काय आहे? वाईट काढायचं ठरलं होतं ना?’

‘अय्यो, प्रयत्न केला की! पावलं वाकडी काढली होती. मग पुसली.’

‘का पुसलीत?’

‘वाकड्या पावलांनी ते चालणार कसं?’

बाईंचा निरोप आला: उंची चालेल, साहेबांना मागे उभं केल्याने तसं वाटतं एवढंच. बसणं चालेल. दया येते, नियमात बसत नाही, पण येऊ द्या. मंजूर.

नियमात बसत नाही, पण येऊ द्या! तिसऱ्या बोटावरून माझ्या आयुष्यातले सहा महिने खाल्लेली बाई! मी भिंतीला टेकून बसले. माणसाला पास व्हायचं असतं तेव्हा ही दुनिया त्याच्या पायाची बोटं मोजते, आणि नापास व्हायचं असलं की हार घेऊन दारात उभी.

राहिली शेवटची चाळणी, रंगाची. रंग मशीनवर भरतात, आणि तिथे अण्णांचा हात नाही. मी रंगवणाऱ्या मुलीला बाजूला बसवलं आणि स्वतः सूत्रं हाती घेतली. फणसाच्या कातडीला जांभळा. गळ्याला भगभगीत केशरी. डोळ्यांना तो हिरवा, जो नागपूरला आमच्याकडे फक्त लग्नाच्या बर्फीला वापरतात. पान असं झालं की बघितल्यावर दात आंबायचे. मी समाधानाने जेवायला गेले. बिसीबेळेभात खाऊन परत येते तो काय, अण्णा त्या मुलीच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बोट दाखवतायत, ‘हे स्वल्प खाली घे. इथं पाण्याचा रंग थोडा येऊ दे गळ्यावर. हां. आता बघ.’

‘अण्णा!!’

ते दचकले. शाळकरी पोरासारखे बाजूला झाले. ‘माहीत आहे गं, बिघडवायचंय. पण असं बघवत नाही मला.’

पडद्यावर माझेच रंग होते. जांभळा, केशरी, हिरवा. पण त्यांनी एकेक इतकासाच सरकवला होता की आता ते संध्याकाळचं तळं झालं होतं आणि तळ्यातून ते जनावर नुकतंच उठत होतं. उरलेल्या रंगांत चाळीस वर्षं काढणाऱ्या माणसाला वाईट रंग देऊन तुम्ही हरवू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

‘अण्णा, हे पास होणार,’ मी म्हटलं.

‘होईल,’ ते म्हणाले. आवाज अगदी हळू. ‘मग पाठव. काय करणार? माझ्यानं ते खराब होत नाही.’ आणि आपल्या टेबलावर जाऊन साहेबांचा गुडघा काढायला लागले.

मी पानं चढवायला बसले. सगळ्यात खाली तीच चौकट. हे चित्र ह्या पुस्तकासाठीच नव्याने केलेलं आहे. होय / नाही. मी शूर बाई नाही. मी तोंडाने शूर आहे. मी सांगितलेल्या गोष्टींत मी वाघाला हाकललंय आणि एकदा ट्रॅफिक पोलिसाला रडवलंय. पण तिथे बोट ठेवलं तेव्हा सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. अकरा माणसं. मॅडमचं कर्ज काढून उभं केलेलं ऑफिस. आणि पलीकडे अण्णांची पाठ.

मी नाहीवर खूण केली. शेजारी दोन ओळींची जागा होती, तिथे लिहिलं: ‘हे आमच्या एका वडीलधाऱ्या चित्रकाराचं स्वतःचं आहे. ते चाळीस वर्षं सिनेमाच्या पुतळ्यांच्या मागे काढत आले. पाठवताना मी त्यांना विचारलं नाही. कृपया नाकारा.’ पाठवलं, आणि कुणालाच सांगितलं नाही. अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी चहाच्या आत मॅडमना सांगितलं असतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

एरवी उत्तराला अकरा दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

‘नामंजूर. कारण: पुरेसा धाक नाही. मंगळवारपर्यंत दुसरा शत्रू पाठवावा. ता. क.: खालच्या चौकटीत तुमचं बोट चुकून नाहीवर पडलेलं दिसतं. मी ते होय केलं आहे आणि शेजारचा मजकूर पुसला आहे.’

एवढंच. मी ते सात वेळा वाचलं. मॅडमच्या नजरेला पडायच्या आत ता. क. खोडून टाकला. त्या बाईंची माझ्या डोळ्यांपुढे तीन वर्षं एक मूर्ती होती, हातात फूटपट्टी घेतलेली. तिचं आता काय करावं हे मला कळेना. त्या कोण असतील? त्यांच्या घरी कशाच्या मागच्या बाजूला काय असेल? हे मला कधी कळणार नाही, आणि न कळलेलं मला पचत नाही.

मग मी उभी राहिले आणि बेकरीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, ‘नापास!’

अण्णांनी डोळे मिटले आणि समोर देव नव्हता म्हणून पंख्याला हात जोडले. मॅडमनी खालून सगळ्यांना पफ मागवले. अकराजणांनी टाळ्या वाजवल्या. नापास झाल्याबद्दल टाळ्या मी त्यानंतर कुठे ऐकल्या नाहीत. अण्णांनी पहिला घास घेतला, मिशीवरचा चुरा झटकला आणि विचारलं, ‘कारण काय दिलं?’

इथे मी थाप मारायला हवी होती. उभ्या आयुष्यात जी एक विद्या मला येते ती नेमकी त्या क्षणी दगा देऊन गेली. मी वाचून दाखवलं, ‘पुरेसा धाक नाही.’

अण्णांनी पफ खाली ठेवला.

‘काय नाही?’

‘धाक, अण्णा. भीती वाटत नाही म्हणे.’

‘कुणाला वाटत नाही?’

‘त्यांना.’

‘हौदा?’ अण्णा म्हणाले. खरं का, म्हणजे. ‘साठ फुटी हिरोच्या मागं उभं राहिलंय ते! राखणदार रात्री मागच्या बाजूला जायचा नाही! धाक नाही म्हणे!’

‘अण्णा, सुटलं ना ते? तुमचं तुमच्याकडे राहिलं. आता कितीही काढा. मंगळावर काढा.’

‘ते राहू दे. स्वल्प दात वाढवतो. पुन्हा पाठव.’

‘नको!’ मॅडम आणि मी एकाच वेळी ओरडलो.

‘भिवया तरी जाड करतो.’

‘अण्णा, तुम्हाला माझी शपथ आहे!’

त्यांनी रागारागाने पुढ्यातला कागद ओढला आणि दहा मिनिटांत एक भलतंच काहीतरी काढलं: बारा तोंडं, तोंडात तोंड, दातांत दात, पाय कुठे ते त्यांनाही माहीत नसावं. ‘हे घे,’ कागद माझ्याकडे भिरकावत ते म्हणाले. ‘हे दे त्यांना. ह्याच्यात धाकाशिवाय काही नाही.’ मंगळवारची सोय झाली. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते टेबलाशी नुसते फुगत बसले होते.

‘तंगी, तिला लिही.’

‘काय लिहू?’

‘लिही, की तुम्ही त्याला चालताना पाहिलं नाही.’

‘आणि?’

‘आणि काय? थांब.’

ते उठले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन्ही टेबलांच्या रांगांमध्ये जी गल्ली आहे तिच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग आधी एक खांदा वळला. डोकं त्यानंतर, सावकाश. गळा फुगला. एक पाऊल पडलं, हत्तीचं, आधी टाच, मग सगळा भार. त्यांची उंची असेल पाच फूट चार इंच. रंगवणाऱ्या मुलीने नकळत आपला चहाचा ग्लास छातीशी धरला. दुसरं पाऊल. मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या. अण्णा पूर्ण गल्ली चालत आले, माझ्या मशीनपाशी येऊन थांबले आणि वरून खाली, माझ्याकडे, फार प्रेमाने बघितलं.

‘लिहिलंस?’ धापा टाकत त्यांनी विचारलं.

‘लिहिते, अण्णा,’ मी म्हटलं, आणि मशीन बंद केलं.